चार बोटं पाणी

परबकाकांच्या घरी गेलं आणि तहान लागली, तर पाण्याच्या आधी प्रश्न यायचा. "अर्धो की पुरो?"

नव्या माणसाला हे झेपायचं नाही. आपल्याकडे पाहुणा टेकायच्या आत भरलेला ग्लास पुढे येतो. तो दोन घोट घेतो, बाकीचं तसंच राहतं आणि नंतर गुपचूप मोरीत जातं. काकांच्या घरी हे व्हायचं नाही. अर्धा म्हणालात तर अर्धाच मिळायचा आणि तो संपेपर्यंत काका समोरून हलायचे नाहीत. आतून काकी ओरडायच्या, "अहो, पावण्यांका असा काय इचारतास! लोक नावां ठेवतत!" काका शांत. "अर्ध्या ग्लासाची तहान आसा, तर पुरो कित्याक?" माझे सासरे पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा या प्रश्नानं इतके गांगरले की म्हणाले, "राहू दे, घरी जाऊन पितो."

काका गेले त्याला आता वर्ष होत आलं. त्यांच्याविषयी लिहायचं तर आधी माझा एक दोष सांगायला हवा. मी झोपाळू माणूस आहे. सकाळी उठल्यावर पहिला तासभर मी जागा आहे असं फक्त मलाच वाटतं, घरच्यांना वाटत नाही. आणि काकांची गाठ पडायची ती नेमकी त्याच वेळी, पहाटे. त्यामुळे माझ्या आठवणीतले काका थोडे धूसर आहेत. त्यातलं खरं किती आणि अर्धवट झोपेत मी मिसळलेलं किती, हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण चार बोटं पाण्याची गोष्ट शंभर टक्के खरी. ती माझ्यामुळेच घडली.

काका मुलुंडला महापालिकेच्या पाणी खात्यात चावीवाले होते. रस्त्याखालच्या जलवाहिनीचा व्हॉल्व्ह उघडायला माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढी लांब लोखंडी चावी लागते, वरच्या टोकाला आडवा दांडा. ती खांद्यावर टाकून काका पहाटे निघायचे. लग्न झाल्यावर मी त्यांच्याच गल्लीत, त्यांच्यासमोरच्या इमारतीत राहायला आलो. घरात पाणी भरायचं काम माझ्याकडे आलं, कारण बायकोच्या मते मला दुसरं काही जमण्यासारखं नव्हतं. सव्वापाचला मी खिडकीत डोळे चोळत उभा असायचो. खाली काका झाकण उचलायचे, चावी आत सोडायचे आणि दांडा दोन्ही हातांनी धरून तिच्याभोवती गोल गोल फिरायचे. जात्यावर बसलेल्या बाईसारखं काहीतरी पुटपुटतही असायचे. मग आमच्या मोरीतला नळ आधी खोकायचा, मग सुस्कारा टाकायचा आणि मग धार लागायची. मी निळ्या पिंपातलं कालचं शिळं पाणी ओतायचो, पिंप खसाखसा घासायचो, ताजं भरायचो आणि पुन्हा झोपायचो. या सगळ्यात माझे डोळे उघडे असायचे की मिटलेले, देव जाणे.

सव्वासहाला काका परत यायचे आणि बंद करायचे. रोज कुठल्यातरी खिडकीतून आवाज यायचा, "काका, दहा मिनटं द्या ना! केस धुवायचेत!"

"तुमचो बंद झालो काय मगे वर चढता," काका म्हणायचे.

वर म्हणजे डोंगराच्या उतारावरची वस्ती. आमच्या गल्लीचे नळ चालू असेपर्यंत तिकडे थेंब जायचा नाही, आमचे बंद झाले की दाब वर सरकायचा. म्हणून बंद केल्यावर काका लगेच जायचे नाहीत. चावीच्या दांड्याला कान लावून, डोळे मिटून उभे राहायचे. जमिनीखालून पाणी चालत डोंगराकडे निघालं की त्यांना ऐकू यायचं म्हणे. "चढला वर," म्हणायचे, आणि मगच चावी उचलायचे. मी एकदा खाली जाऊन कान लावून पाहिला होता. मला फक्त थंड लोखंड लागलं.

त्यांच्या मुलीच्या हळदीच्या दिवशी गल्लीत मांडव होता. गावाहून पाहुणे आलेले, पहाटेपासून आंघोळींची रांग. आज तरी काका अर्धा तास जास्त देतील, अशी सगळ्यांची खात्री. सव्वासहाला काका नवंकोरं धोतर सावरत मांडवातून उठले, कोपऱ्यात ठेवलेली चावी घेतली आणि स्वतःच्या दारातला व्हॉल्व्ह बंद करून आले. न्हाणीघरात नवऱ्याकडचे एक मामा तोंडाला साबण लावून उभे होते. त्यांनी आतून घातलेल्या शिव्या सगळ्या गल्लीनं ऐकल्या. काकांनी दाराबाहेर अर्धा तांब्या पाणी ठेवलं आणि म्हणाले, "तोंडाक पुरे." मामांना खरंच पुरलं. पण पुढे दोन वर्षं ते व्याह्यांशी बोलत नव्हते.

असा हा माणूस दर मे महिन्यात गल्लीतल्या आठ-दहा जणांना घेऊन हिमालयात जायचा. एका खिंडीच्या अलीकडे, झाडं संपतात त्याच्याही वर, दगडाची दोन खोल्यांची हट होती. आम्ही हट म्हणायचो, काका आपले खोप म्हणायचे. तरुणपणी खात्यातल्या एका मित्राबरोबर ते फिरायला गेले होते. खिंड उतरताना गारांत सापडले, मित्राशी चुकामूक झाली, आणि हे एकटे त्या खोपीपर्यंत पोचले. जीव तहानेनं कासावीस झालेला. आत माणूस नव्हता. दाराशी पाण्यानं काठोकाठ भरलेलं एक पिंप होतं.

"कोणी भरल्यान ता माका ठावक नाय," काका सांगायचे. "त्येका माझा नाव ठावक नाय. तरी तेणा माझ्यासाठी भरल्यान." एवढं सांगितलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. दर वेळी यायचं.

त्या खोपीचा रिवाजच होता तो. पाणी तासभर खाली, करंगळीएवढ्या धारेला. तिथून भरून वर आणायला दोन तास. बर्फ वितळवावं तर लाकूड हवं, आणि तिथलं झुडूप वीतभर वाढायला कित्येक वर्षं लागतात. म्हणून मुक्कामाला येणाऱ्यांनी आपापलं पाणी खालून आणायचं आणि दाराशी ठेवलेलं पिंप खिंड उतरून पलीकडून दमून येणाऱ्यांसाठी सोडायचं. निघताना ते काठोकाठ भरून जायचं. चौकीदार बलबीर शहरातल्या लोकांना सहसा थारा द्यायचा नाही. पूर्वी कुणीतरी त्या धारेत साबणानं कपडे धुतले होते आणि खालच्या गावानं बलबीरला जाब विचारला होता. परबजींच्या माणसांना मात्र दार उघडं. ते दार उघडं राहणं ही काकांची आयुष्यातली सगळ्यात मोठी मिळकत होती, असं मला वाटतं.

त्यासाठी एप्रिलभर दर रविवारी इमारतीच्या गच्चीवर आमची तालीम व्हायची. माणशी एक तांब्या, त्यात सकाळ उरकायची. दात घासायला एक फुलपात्र, तेही पाण्यापासून लांब जाऊन. आंघोळ म्हणजे ओल्या पंचानं अंग पुसणं. जेवण झालं की ताटात घोटभर गरम पाणी घालायचं, फिरवायचं आणि पिऊन टाकायचं.

"ईऽ काका, हे काय!" माझी बायको पहिल्या रविवारी ओरडली.

"तुझाच जेवान ना गो ता? मगे ईऽ कसला?"

पिण्यावर मात्र बंधन नव्हतं. तहान मारून डोंगर चढणाऱ्यावर ते खवळायचे. "पिऊक कंजुषी करशात तर वरती डोक्यात कळा येतीत. वाचवूचा ता सांडणारा. पिणारा न्हय." मला हे सगळं पाठ होतं. परीक्षा घेतली असती तर पहिला आलो असतो.

अशाच एका मे महिन्यात आम्ही पोचलो त्या संध्याकाळी बलबीरला शिधा आणायला गावात उतरायचं होतं. त्यानं पिंपावरचं झाकण उचलून काकांना दाखवलं. पाणी काठाला टेकलेलं.

"परब जी, कल शाम ऊपर से पार्टी आएगी. नौ लोग हैं, दो बुज़ुर्ग हैं."

"तू बिनधास्त जा. मैं हूँ ना," काका म्हणाले. "इसको कोई हात नहीं लगाएगा."

त्या रात्री मी इतका गाढ झोपलो की आपण कुठे आहोत हेच विसरलो. सवयीनं जाग आली तेव्हा बाहेर निळसर उजाडत होतं. अंगावर दोन स्वेटर आहेत, पायाखाली फरशीऐवजी दगड आहे, कशाचंच मला काही वाटलं नाही. दाराशी निळं पिंप होतं. आमच्या मोरीत आहे तस्सं, तेवढंच. मी झाकण काढलं, खांदा लावून ते कलतं केलं आणि शिळं पाणी ओतून दिलं. पाणी दगडांवरून बराच वेळ खाली जात होतं. त्याचा आवाज फार सुंदर होता, अजून कानात आहे. मग मी उरलेल्या ओंजळभर पाण्यानं पिंप आतून घासलं, उपडं करून निथळवलं, सरळ केलं आणि ताजं पाणी भरायला नळाकडे हात नेला.

नळ नव्हता. हात नेला तिथे नुसतं धुकं होतं, आणि धुक्याच्या वर, आभाळात बांधल्यासारखी, बर्फाची शिखरं गुलाबी होत होती. एवढं देखणं दृश्य मी आयुष्यात पाहिलं नाही आणि इतका घाबरलोही नाही.

मागे काका उभे होते. त्यांनी ओले दगड पाहिले. पिंपात डोकावून पाहिलं.

"धुतलंस पण?"

"हो," मी म्हणालो.

"बरा केलंस. लख्ख तरी झाला."

त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते आत गेले, सगळ्यांना उठवलं आणि रिकाम्या बाटल्या, कॅन, पातेली, असेल ते गोळा केलं. दोघांची डोकी दुखत होती, त्यांना मागे ठेवून आम्ही खाली उतरलो. पहाटेच्या थंडीत ती धार आणखी बारीक झाली होती. एक बाटली भरायला इतका वेळ लागायचा की उभ्या उभ्या माणूस विचारात हरवून जाई. माझ्या डोळ्यांसमोर सारखं तेच दिसत होतं, दगडांवरून निवांत वाहत चाललेलं ते पाणी. ते नौ लोग. दोन बुज़ुर्ग.

काकांचं वय तेव्हा साठीच्या पुढे. त्यांनी दोनच खेपा कराव्यात म्हणून आम्ही विनवण्या केल्या. "माझो शब्द दिललो आसा, तुमचो न्हय," म्हणत ते तिसऱ्यांदा उतरले. वर येताना सुट्या दगडांवर त्यांचा पाय सरकला. मी मागेच होतो. काकांनी हातातला कॅन दोन्ही हातांनी छातीशी धरला, त्यामुळे टेकायला हात उरला नाही आणि सगळा भार डाव्या गुडघ्यावर आला. कडकन आवाज झाला. ते तसेच बसून राहिले, चेहरा पांढराफटक. माझ्याकडे कॅन देत म्हणाले, "झाकण बघ. सैल नाय मां?"

थेंब सांडला नव्हता.

संध्याकाळी खिंडीवरून नऊ जण उतरले. त्यांतल्या एका आजोबांनी एका दमात दोन मग रिचवले आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. काका गुडघ्याला पंचा गुंडाळून कोपऱ्यातून बघत होते. कितीतरी वर्षांपूर्वी त्याच भिंतीला कोण टेकलं होतं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा खेपा सुरू केल्या. पण ढग उतरू लागले आणि बलबीर परत आला तो म्हणाला, काकांना आत्ताच खाली न्यायला हवं. निघण्यापूर्वी काकांनी आम्हाला स्वतःला पिंपापाशी न्यायला लावलं. काठापासून आत हात घातला. बोटं आडवी धरली. पाणी लागायला चार बोटं लागली.

"चार उंगली कम है, बलबीर. मैं आके भरता है."

"छोड़ो परब जी, इतना तो धूप पी जाती है."

"धूप पियेगा तो वो धूप का हिसाब. ये हमारा है."

बलबीरनं त्यांना पाठीवर घेतलं. पूर्ण उतारभर काका मान वळवून मागे पाहत होते.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरातल्या घरात चाला, डोंगर विसरा, असं डॉक्टर म्हणाले. काकांनी मला कधी एका शब्दानं बोल लावला नाही. गल्लीत विचारलं तर सांगायचे, "पाय सरकलो." पिंप कुणी ओतलं, हे त्यांच्या तोंडून काकींनासुद्धा कळलं नाही. फक्त दर वर्षी मे जवळ आला की ते मला विचारायचे, "यंदा जातलंस मां?" आणि मी काहीतरी सांगायचो. सुट्टी नाही, मुलीची परीक्षा, बायकोची पाठ. खरं कारण लाज. बलबीरसमोर कुठल्या तोंडानं उभं राहायचं? मग आम्ही कांदिवलीला टॉवरमध्ये राहायला गेलो, चोवीस तास पाणी. काकांचे फोन येत राहिले. काकी एकदा मला हळूच म्हणाल्या, "ह्येंचा सगळा बरा चल्लाहा रे. पण त्या चार बोटांचा काय ता मनातून जाईना. झोपेत हात असो धरतत." आणि त्यांनी हवेत आडवी बोटं धरून दाखवली.

दोन वर्षांपूर्वी काका अंथरुणाला खिळले. तेव्हा मात्र मी रजा टाकली, मुलीची परीक्षा असतानाही.

बलबीर म्हातारा झाला होता. त्यानं मला ओळखलं नाही. मी हात पुढे करून चार बोटं आडवी धरली, तेव्हा ओळखलं.

"अरे, वो तो तब से हज़ार बार भर चुका है, साब!"

माझी बोटं तशीच आडवी राहिली. बलबीरनं त्यांच्याकडे पाहिलं. मग आत गेला, किटली आणि पातेलं घेऊन आला आणि पिंपातलं पाणी मगानं काढू लागला. मध्येच थांबून काठापासून बोटं लावून बघायचा. चार बोटं झाली तेव्हा त्यानं मग ठेवला. काढलेलं पाणी चुलीवर चढवलं आणि म्हणाला, "लो. अब भरो परब जी का."

मी दिवसभर भरलं. धार तेवढीच होती, करंगळीएवढी. शेवटची बाटली मी अगदी सावकाश ओतली. पाणी काठाला आलं, स्थिर झालं आणि त्यात पलीकडचं शिखर उलटं उतरलं. मी झाकण लावलं आणि लहान मुलासारखा रडलो. बलबीर चहा गाळत होता, त्यानं पाहून न पाहिल्यासारखं केलं.

मुंबईत उतरल्यावर दुसऱ्याच पहाटे रिक्षा केली आणि लिंक रोडनं मुलुंडला गेलो. पाण्याचीच वेळ होती. काकांची खाट आता खिडकीशी लावली होती. खिडकीबाहेरून नळाचा पाइप वर जात होता आणि त्यातून घळघळ आवाज येत होता. काका अगदी एवढेसे झाले होते. मी आत शिरलो, तसे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांना विचारायचा धीर होत नव्हता.

"भरलं, काका," मी म्हणालो. "काठोकाठ."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. मग काकींना म्हणाले, "गो, ह्येका पाणी दी."

काकी पाणी घेऊन आल्या आणि सवयीनं मीच म्हणालो, "अर्धा."

"आज इचारूचा नाय," काका म्हणाले. "पुरो. पी."

ग्लास अगदी काठापर्यंत भरलेला होता. मला तहान नव्हती. तरी मी प्यायलो, एकेक घोट, तळ दिसेपर्यंत, आणि काका समोरून बघत होते. ग्लास खाली ठेवला आणि पाइपातली घळघळ थांबली. सव्वासहा झाले होते. खाली कुणी नवा चावीवाला झाकण लावत असावा. काकांनी मला गप्प राहायची खूण केली, उशीवरून मान सरकवत नेली आणि खिडकीच्या गजातून पाइपाला कान लावला. मी दारात चपला हातात घेऊन उभा राहिलो, चपलांचा आवाज नको म्हणून.

"चढला वर," काका म्हणाले, आणि डोळे न उघडताच हसले.